'निवड' एकच, अर्थ दोन: थायमसमधल्या पेशींसाठी काय म्हणायचं?

मिरजकरीण
नर्सिंगच्या मुलींसाठी रोगप्रतिकारशक्तीवरचं टिपण मराठीत करतेय आणि थायमसच्या, म्हणजे छातीतल्या एका ग्रंथीच्या पानावर अडलेय. तिथं टी पेशींची, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची, दोनदा परीक्षा होते. पहिली बाह्यकात, म्हणजे ग्रंथीच्या बाहेरच्या थरात. पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहीला, म्हणजे दुसरे रेणू ओळखून धरणाऱ्या प्रथिनाला, आपल्याच शरीरातले एमएचसी रेणू (पेशींवर प्रथिनांचे तुकडे मांडून दाखवणारे) ओळखता आले पाहिजेत, हलकेच का होईना. ज्यांना काहीच ओळखता येत नाही त्या मरतात, आणि बहुतेक पेशी अशाच जातात. दुसरी मुख्यतः गाभ्यात. जिचा ग्राही स्वतःच्याच प्रथिनांना घट्ट धरतो, तिला संपवलं जातं. पुस्तकात 'सकारात्मक निवड' आणि 'नकारात्मक निवड' असं आहे. एका मुलीनं लिहिलं, 'नकारात्मक निवड म्हणजे वाईट पेशी निवडल्या जातात.' तिला चूक कशी म्हणू? दुसरे शब्द सुचवा.

तासगावकर
घरात 'तांदूळ निवड' म्हटलं की कुणी तांदूळ उचलत नाही, खडे काढतं. 'उमेदवार निवडला' म्हणजे मात्र तो ठेवला. क्रियापदातच दोन्ही अर्थ आहेत, विशेषणं कशाला लावायची? 'निवडून घेणं' आणि 'निवडून काढणं' म्हणा.

शिराळ्याची_सून
आमच्याकडं 'चार चांगली कणसं निवडून काढ' म्हणतात, म्हणजे चांगलीच काढायची. तुमच्या शब्दानं गोंधळ तसाच राहणार.

कऱ्हाडकर
धनप्रभार-ऋणप्रभार शाळेपासून चालतं, तसं 'धन निवड' आणि 'ऋण निवड' का नको? ऋणप्रभार म्हणजे वाईट प्रभार असं कुणी लिहीत नाही.

तासगावकर
ऋण म्हटलं की आधी सोसायटीचं कर्ज आठवतं. त्यापेक्षा सरळ 'पॉझिटिव्ह सिलेक्शन' लिहा, परीक्षेत तेच येतं.

शिराळ्याची_सून
नको हो. २०२० पासून गावात 'पॉझिटिव्ह आला' म्हणजे आजारी पडला. मुली त्याच गावांतून येतात.

वाईकर
'निवड' सोडू नका. ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्या अध्यायात राजहंस पाण्यातून दूध निवडून वेगळं करतो. निवडणं म्हणजे आधी वेगळं करणं, ठेवणं-टाकणं नंतरचं. 'निवाडा' त्याच घरचा, असं माझं मत आहे. गाभ्यात तर निवाडाच होतो, म्हणून तिथं 'निवाडा' आणि बाह्यकात 'निवड'.

जीवशास्त्र_सातारा
निवाडा छान आहे, पण तिथं नेमकं काय चालतं ते आधी बघू. गाभ्यातल्या काही पेशी एआयआरई नावाच्या जनुकामुळं दुसऱ्या अवयवांची प्रथिनं तिथंच बनवतात, अगदी इन्शुलिनसुद्धा. म्हणजे स्वादुपिंडापर्यंत न जाताच टी पेशीची परीक्षा होते. त्यातही घट्ट धरणाऱ्या सगळ्याच मरत नाहीत. काही नियामक टी पेशी होतात आणि बाकीच्यांना आवरतात. त्या पेशींच्या शोधासाठी शिमोन साकागुची यांना दोघांसोबत २०२५चं नोबेल मिळालं. मग 'निवडून काढणं' अपुरं पडतं, आणि 'वगळणं'ही. शिवाय टी पेशीनं सीडी८ (मारक) व्हायचं की सीडी४ (मदतनीस), हे ग्राही पहिल्या वर्गाच्या एमएचसीला धरतो की दुसऱ्या, त्यावर ठरतं. मी वर्गात त्याला 'वाटणी' म्हणतो. तीन गोष्टींना एकच 'निवड' लावली तर मुलं घोटाळणारच.

मिरजकरीण
'वाटणी' घेतेय, लगेच. उरलेल्या दोन्हींचं काय?

वाईकर
त्याआधी 'थायमस' का ठेवलंय? आमच्या वाईत तयार झालेल्या मराठी विश्वकोशात 'यौवनलोपी ग्रंथी' आहे. तारुण्यानंतर लोप पावणारी. शब्द वाचताच ग्रंथीचं आयुष्य कळतं. घडलेला शब्द आहे तो, तुम्ही फेकून देताय.

जीवशास्त्र_सातारा
माझा आक्षेप नेमका 'लोपी'ला आहे. व्याकरणात वर्णाचा लोप झाला की तो उरतच नाही. ही ग्रंथी आक्रसते, तिच्यात चरबी भरते, पण थोडं काम चालू राहतं. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात, प्रौढपणी थायमस काढलेल्यांत मृत्यूचं आणि कर्करोगाचं प्रमाण जास्त दिसलं. 'लोपी' ऐकून पेशंटला वाटेल, आता तिचा काही उपयोग नाही.

कऱ्हाडकर
मग 'यौवनक्षयी'?

शिराळ्याची_सून
मिरजेत क्षय म्हटलं की टीबी. वॉर्डात बोलून बघा.

कऱ्हाडकर
'यौवनसंकोची' तरी?

तासगावकर
१९६१मध्ये जॅक मिलर यांनी उंदरांवर प्रयोग करून या ग्रंथीचं काम दाखवलं आणि पुढं टी पेशीला तो 'टी' थायमसवरूनच मिळाला. थायमस शब्द काढला तर 'टी' कुठून आला ते मुलींना कसं सांगणार? यौवनलोपी म्हटलं तर 'यौ पेशी' म्हणावं लागेल.

वाईकर
म्हणावं. अ, ब, क, ड जीवनसत्त्वं म्हणताना कुणाचं काही अडलं नाही.