मदत हवी आहे: दोन वर्षांवरच्या मुलांची दूध पावडर कायद्याच्या कोणत्या व्याख्येत बसते?

नमस्कार मंडळी,

नाशिकरोडला बिटको चौकाजवळ आमचं मेडिकल आहे. डिस्ट्रिब्युटरचा माणूस नवा डबा घेऊन आला, 'वय २ वर्षांपुढे' लिहिलेली दूध पावडर. सोबत काचेवर लावायचं पोस्टर आणि गिऱ्हाइकाला डब्यामागे एक मग फुकट. म्हटलं, बाळाच्या दुधाची जाहिरात चालत नाही. तर म्हणतो, "ताई, हे बाळाचं दूधच नाही. कायदा दोन वर्षांपर्यंतच आहे."

रात्री दुकान बंद केल्यावर कायदा वाचत बसले. १९९२ चा 'इन्फंट मिल्क सब्स्टिट्यूट्स, फीडिंग बॉटल्स अँड इन्फंट फूड्स' कायदा, २००३ ची दुरुस्ती. दोन वर्षांपर्यंतच्या मुलाला आईच्या दुधाऐवजी, थोडं किंवा पूर्ण, द्यायचं म्हणून जे विकलं किंवा तसं भासवलं जातं ते 'इन्फंट मिल्क सब्स्टिट्यूट'. सहा महिन्यांनंतर दोन वर्षांपर्यंत आईच्या दुधाला पूरक म्हणून दिलं जातं ते 'इन्फंट फूड'. दोन्हींची जाहिरात, नमुने, भेटवस्तू बंद. एफएसएसएआयच्या (केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) २०२० च्या नियमांत इन्फंट फॉर्म्युला, म्हणजे बाळाची दूध पावडर, सहा महिन्यांपर्यंत आणि फॉलो-अप फॉर्म्युला सहा ते २४ महिने. म्हणजे लहान बाळांच्या डब्यांवरचे २, ३, ४ आकडे कंपन्यांनी पाडलेले टप्पे, कायद्याला ते सगळे फॉलो-अपच.

त्यात दिरांनी जर्मनीहून आणलेला डबा घरात आहे, 'एक वर्षापासून'. युरोपात फॉलो-ऑन फॉर्म्युला (आपल्या फॉलो-अपचं तिकडचं नाव) बारा महिन्यांपर्यंतच. एक ते तीन वर्षांच्या दुधाला तिथे वेगळी व्याख्याच नाही, ते साधं अन्न. म्हणजे सव्वा वर्षाच्या पोराचं दूध इथे कायद्याच्या कचाट्यात आणि तिकडे मोकळं!

माझा प्रश्न एवढाच, की नवा डबा नाव, रंग, चित्र सगळ्यात लहान बाळांच्या डब्याचा जुळा भाऊ दिसतो. शेल्फवर शेजारी ठेवले तर मलाच दोनदा बघावं लागतं. मग त्याचं पोस्टर लावलं तर जाहिरात नक्की कशाची झाली? अडकणार मी की कंपनी?

प्रतिसाद १
ताई, मी पंचवटीत वकिली करतो. वयाचं डिस्ट्रिब्युटरच्या माणसाचं म्हणणं खरं आहे, २४ महिन्यांपुढचा माल त्या दोन व्याख्यांत येत नाही. पण 'भासवलं जातं' हा शब्द सोडू नका. जाहिरातीच्या व्याख्येत लेबल, वेष्टन, अगदी धूर आणि वायूने केलेली घोषणासुद्धा आहे (वायूने जाहिरात कोण करतं देव जाणे). पोस्टरवर वय ठळक नसेल आणि बघणाऱ्याला लहान बाळाचाच डबा वाटत असेल, तर वाद घालायला जागा आहे. शिवाय बंदी 'कोणत्याही व्यक्तीला' आहे, फक्त कंपनीला नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. माझं मत विचाराल तर मगासाठी हे ओढवून घेऊ नका.

कोडेक्सने (अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था) २०२३ मध्ये जुनं मानक बदलून दोन भाग केले: ६ ते १२ महिने फॉलो-अप फॉर्म्युला आणि १२ ते ३६ महिने वेगळं उत्पादन. लेबलवरून एकाने दुसऱ्याची जाहिरात करणं त्यात नाकारलंय. जागतिक आरोग्य संघटना तर २०१६ पासून ३६ महिन्यांपर्यंतच्या अशा दुधाला आईच्या दुधाचा पर्यायच धरते. आपल्या कायद्याची रेषा मात्र २४ वरच.

प्रतिसाद २
व्याख्या राहू द्या. वर्षानंतर घरातलं जेवण आणि साधं दूध पुरतं, आमचे बालरोगतज्ज्ञ हेच सांगतात. दोन वर्षांच्या पोराला डब्याचं दूध कशाला?

धागाकर्ती
वकीलसाहेब, आभार. पोस्टर आणि मग परत पाठवतेय, डबे वेगळ्या कप्प्यात ठेवले. वरच्या ताई, खरंय, पण गिऱ्हाईक मागतं तेव्हा नाही म्हणता येत नाही. एक राहिलंच: दूध पाजायच्या बाटल्यांवर 'दोनवर एक फुकट' असं मागच्या दुकानदाराने लिहिलेलं अजून काचेवर आहे. तेही खरवडू ना?

प्रतिसाद १
आधी ते खरवडा. बाटल्या कायद्याच्या नावातच आहेत.