दिवा विझतो, सेल्फ पण फिरतो, तरी बॅटरी बसतेच... जुन्या गाडीचं चार्जिंग कुठे अडतंय?

जुनंइंजिन:
नमस्कार मंडळी, गाडी जुनी आहे, कार्ब्युरेटरवाली पेट्रोल. चार्जिंगने अक्षरशः वैताग आणलाय. बॅटरी नवीन टाकली, अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) उघडून कार्बन आणि बेअरिंग बदलले, बेल्ट पण नवा आहे आणि ताणलेला आहे. तरी रात्री हेडलाइट लावून लांब गाडी चालवली की सकाळी सेल्फ मारताना नुसतं टक टक. बाहेरून चार्जर लावून बॅटरी फुल केली की तोच सेल्फ एकदम दमदार फिरतो. चार्जिंगचा लाल दिवा चावी दिल्यावर लागतो आणि इंजिन चालू झालं की विझतो, म्हणून जो तो सांगतो की चार्जिंग ओके आहे. बॅटरीवर मीटर लावून बघितला, इंजिन बंद असताना १२.३ व्होल्ट, चालू केल्यावर १३.७, पण हेडलाइट आणि ब्लोअर लावले की रेस दिली तरी १३.० च्या वर जात नाही. आता सगळे म्हणतायत अल्टरनेटर नवा घ्या. एक गोष्ट आहे, इंजिन उतरवून काम झालं होतं त्यानंतरच हे सुरू झालं, त्याचा संबंध असेल का?

हायवेवाला:
सोपी टेस्ट आहे भाऊ, इंजिन चालू ठेवून बॅटरीचं एक टर्मिनल काढा, गाडी बंद पडली तर अल्टरनेटर गेला समजा.

स्पॅनर_दादा:
कृपा करून हे करू नका! डायनॅमोच्या काळात लोक करायचे म्हणून अजून सांगितलं जातं. अल्टरनेटर चार्ज देत असताना बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज क्षणभर एकदम उसळतं, अल्टरनेटरमधले डायोड (एसी करंटचा डीसी करणारे), रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा), इलेक्ट्रॉनिक इग्निशन, गाडीतला टेप, काहीही जाऊ शकतं. आणि एवढं करून कळतं काय, तर अल्टरनेटर काहीतरी देतोय, तेवढंच. ते तर १३.७ वरून आधीच दिसतंय.

तुमच्या केसमध्ये मला वाटतं अल्टरनेटर बरा आहे आणि करंट वाटेत मरतोय. मोजून बघा, साध्या मल्टीमीटरवर होतं. इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर फुल, कोणीतरी आत बसून साधारण २००० आरपीएमला धरून ठेवू दे. मीटर डीसी व्होल्टवर. आधी एक पिन अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरीच्या बोल्टवर आणि दुसरी अल्टरनेटरच्या उघड्या बॉडीवर, म्हणजे तो स्वतः किती बनवतोय ते कळेल. मग त्याच बोल्टवरून थेट बॅटरीच्या प्लसवर, आणि शेवटी अल्टरनेटरच्या बॉडीवरून बॅटरीच्या मायनसवर. पिन बॅटरीच्या शिश्याच्या खुंटावर टेकवा, क्लॅम्पवर नाही, नाहीतर क्लॅम्पचा दोष सुटून जातो. प्लस बाजूला ०.२ ते ०.३ पर्यंत चालतं, अर्थच्या बाजूला (म्हणजे बॉडीतून बॅटरी मायनसकडे परतीची वाट) ०.१ ते ०.२ च्या वर गेलं की तिथे घाण, गंज किंवा ढिला बोल्ट आहे. लोड न लावता मोजू नका, करंट कमी असला की खराब जोड पण चांगलाच दिसतो. बेल्ट आणि फॅनपासून हात, सैल बाह्या लांब ठेवा.

जुनंइंजिन:
मोजलं. अल्टरनेटरवर १४.२, प्लस बाजूला ०.१५, आणि बॉडी ते बॅटरी मायनस चक्क १.०५!! दोनदा बघितलं, तेच येतंय. पण मग दिवा का लागत नाही?

स्पॅनर_दादा:
सापडलं. १४.२ मधून ०.१५ आणि १.०५ मिळून हे १.२ गेले की बरोबर तुमचे १३.० उरतात, हिशोब जुळतो. जुन्या अल्टरनेटरचा रेग्युलेटर बहुतेक वेळा स्वतःच्या बॉडीच्या हिशोबाने व्होल्टेज बघतो, त्याला १४.२ दिसतंय म्हणजे त्याच्या लेखी सगळं ठीक, तो जास्त देणारच नाही.

आता दिवा. दिव्याच्या एका टोकाला चावीतून बॅटरीचा प्लस येतो, दुसरं टोक अल्टरनेटरच्या डी प्लसला (दिव्यासाठीचं त्याचं छोटं टर्मिनल). इंजिन चालू झालं की दोन्हीकडे जवळपास सारखं व्होल्टेज, फरक नाही म्हणून दिवा विझतो. अर्थ खराब असली तर दोन्ही टोकं सोबतच खाली येतात, फरक पडत नाही, दिवा शांतच राहतो. हाच दोष प्लसच्या वायरीत असता तर लोड लावल्यावर दिवा मंद पेटला असता. म्हणून जुन्या गाडीत दिव्यावर विसंबून पार्ट बदलणं मला अजिबात पटत नाही, किती चांगले अल्टरनेटर असेच भंगारात गेलेत.

आता ही अर्थ दोन तुकड्यात मोजा, अल्टरनेटर बॉडी ते इंजिन ब्लॉक, आणि ब्लॉक ते बॅटरी मायनस. सेल्फ दमदार फिरतोय म्हणजे ब्लॉकची अर्थ पट्टी बहुधा चांगली आहे, सेल्फ तर त्याच वाटेने केवढा तरी करंट ओढतो. माझा संशय अल्टरनेटर इंजिनाला ज्यावर बसतो त्या ब्रॅकेटवर आहे. इंजिनाच्या कामात ब्रॅकेटला रंग मारला का?

मीटरबाई:
अजून एक तपासून घ्या. गाडी उभी राहिल्यावरच बॅटरी उतरत असेल तर डायोड लीक असू शकतो. सगळं बंद करून बॅटरीची मायनस वायर काढायची आणि मीटर अँपिअरवर ठेवून मध्ये सिरीजमध्ये लावायचा, साधारण ५० मिलीअँपिअरच्या आत आलं पाहिजे, तुमच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक्स फारसं नाही त्यामुळे त्याहून बरंच कमी यावं. जास्त आलं तर अल्टरनेटरची जाड वायर काढून परत बघा (बॅटरी सुटी असतानाच काढा, ती वायर कायम लाइव्ह असते), आकडा एकदम पडला तर डायोड. मीटर मध्ये असताना चुकूनही सेल्फ मारू नका, फ्यूज उडेल. इंजिन चालू असताना बॅटरीवर एसी व्होल्ट पण बघा, अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तरी डायोडवरच संशय.

जुनंइंजिन:
ब्रॅकेटच होतं! बॉडी ते ब्लॉक ०.९५, ब्लॉक ते मायनस फक्त ०.१. इंजिनाच्या कामाच्या वेळी गॅरेजमध्ये ब्लॉक आणि ब्रॅकेट दोन्हीला जाड रंग मारलेला, बोल्टच्या खाली, बेल्ट ताणायच्या पट्टीच्या खाली, सगळीकडे. बॅटरी सोडून ब्रॅकेट काढलं, जिथे धातूला धातू लागतो तेवढीच जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली, बोल्ट नीट आवळले, आणि अल्टरनेटरच्या बॉडीवरून ब्लॉकला एक वेगळी जाड अर्थ वायर पण टाकली. आता फुल लोडवर बॅटरीवर १३.९ येतंय आणि अर्थ ड्रॉप ०.१५ वर आलाय. लीकेज पण बघितलं, घड्याळापुरतंच आहे, एसी व्होल्ट नगण्य. दोघांचे मनापासून आभार, अल्टरनेटर घ्यायचा वाचला.

स्पॅनर_दादा:
वा, मस्त काम केलंत! आता बॅटरी बाहेरच्या चार्जरवर कमी करंटने पूर्ण भरून घ्या, इतके दिवस अर्धवट चार्जवर राहिली म्हणजे प्लेटवर सल्फेट धरलं असणार, जुन्या अल्टरनेटरकडून ते भरून येत नाही आणि तो उगाच तापतो. चार्जर काढल्यावर रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी मोजा, १२.६ च्या आसपास टिकली तर बॅटरी वाचली. १२.४ च्या खाली आली तर लोड टेस्ट (मोठा करंट ओढून बॅटरी तपासणं) करून घ्या, वॉरंटीत असेल तर लगेच करा.