अलास्का: वीज नाही, नळ नाही अशा केबिनमध्ये पहिला हिवाळा, रोजचं कसं जमवायचं?

पूर्वा_सांगली

नमस्कार मंडळी, मी मूळची सांगलीची, दोन वर्षांपासून फेअरबँक्सला पीएचडी करतेय. आत्तापर्यंत गावातच अपार्टमेंटमध्ये होतो, पण ऑगस्टपासून मी आणि नवरा गावाबाहेर ५० किमीवर टेकडीवरच्या एका केबिनमध्ये राहायला जातोय. १६ बाय २० फुटांची लाकडी खोली, वर झोपायला माळा, एक लाकडाचा स्टोव्ह, गॅसची शेगडी, चार सोलर पॅनल आणि एक छोटा जनरेटर, बस. विजेची लाइन तिथवर येतच नाही, विहीर नाही, संडास बाहेर वीस-पंचवीस पावलांवर. नवऱ्याचं काम घरून असतं, मी आठवड्यातून तीन दिवस युनिव्हर्सिटीत जाईन.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, एवढं शिकून वनवासाला निघालीस का. पण आम्हाला मनापासून जायचंय, हौस म्हणून नाही, खरंच असं राहून बघायचंय. गावातला उणे ४० आम्ही पाहिलाय पण तेव्हा घरात हीटर होता. ज्यांनी असे हिवाळे काढलेत त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, लाकूड किती लागतं, पाण्याचं काय करता, सोलरवर कितपत भागतं, आणि रात्री संडासला जायचं म्हणजे नक्की काय प्रकार असतो?

बर्चवाला

पूर्वाताई, मी त्याच भागात चार हिवाळे असे काढलेत, आता अँकरेजला असतो पण त्या केबिनची आठवण आली नाही असा दिवस जात नाही. म्हणून जरा लांबड लावतो.

सगळ्यात आधी लाकूड. ऑगस्टमध्ये जाताय म्हणजे या हिवाळ्याचं लाकूड तुम्हाला वाळवायला मिळणार नाही, त्यामुळे मालकाला आजच विचारा की फोडून रचलेलं जुनं लाकूड किती आहे. इथे बर्च आणि स्प्रूस दोनच मुख्य, बर्च जड आणि बराच वेळ जळतो म्हणून रात्रीसाठी तो, स्प्रूस भसकन पेटतो, सकाळी खोली पटकन गरम करायला बरा. पण बर्चचे नुसते ओंडके रचून ठेवले तर वाळत नाहीत, त्याची साल पाणी बाहेर जाऊच देत नाही, आतल्या आत कुजतो, तो फोडूनच ठेवायचा. लाकूड इथे कॉर्डवर विकतात, ४ बाय ४ बाय ८ फुटांचा ढीग म्हणजे एक कॉर्ड. तुमच्याएवढ्याच केबिनला आम्हाला ऑक्टोबर ते एप्रिल साडेपाच कॉर्ड लागलं, तुम्ही सात धरा, उरलं तर पुढच्या वर्षी कामाला येतं.

पहिल्या वर्षी मी फसलो ते सांगतो. एकाकडून वाळलेलं म्हणून तीन कॉर्ड घेतलं, वरून हात लावला तर अगदी कोरडं. पेटवलं तर ढलप्यांच्या टोकांतून फेस यायला लागला, सूंऽऽ असा आवाज, काच काळी आणि खोली काही गरम होईना. तेव्हापासून ओलावा मोजायचं छोटं मीटर खिशात ठेवतो, ढलपी फोडायची आणि आतल्या ताज्या बाजूवर मोजायचं, २० टक्क्यांच्या वर आकडा आला की घ्यायचं नाही. आणि गोठलेल्या लाकडावर हे मीटर चुकीचं कमी दाखवतं, म्हणून थंडीत घेत असाल तर एक ढलपी रात्रभर घरात ठेवून मग मोजा.

सोलर. २१ डिसेंबरच्या आसपास तिथे दिवस पावणेचार तासांचा पण नसतो आणि सूर्य क्षितिजाला घासून जातो. नोव्हेंबर ते जानेवारी अर्धा होईपर्यंत पॅनल आहेत हे विसरूनच जा, जनरेटर एके जनरेटर. फेब्रुवारीपासून मात्र मजा येते, पॅनल भिंतीला उभे लावले की त्यांच्यावर बर्फ साठत नाही आणि समोरच्या बर्फावरून उजेड उलटा येतो तो पण मिळतो. बॅटरी लिथियमची असेल तर ती घरातच ठेवा, शून्याच्या खाली चार्ज केली की कायमची खराब होते. जनरेटर घरात कधीच चालवायचा नाही, पण उणे ३० च्या खाली तेल इतकं घट्ट होतं की दोरी ओढली जात नाही, म्हणून आम्ही त्याला बाहेर फोमच्या खोक्यात ठेवायचो आणि त्यात पातळ सिंथेटिक तेल घालायचो.

पाणी. १९ लिटरचे कॅन, आमच्याकडे सात होते. फेअरबँक्सजवळ फॉक्स गावी रस्त्याकडेला झरा आहे, बारा महिने चालू, फुकट, तिथे रांगेत उभं राहून भरायचे. कॅन काठोकाठ भरू नका. दोघांना स्वयंपाक, पिणं, भांडी, हातपाय मिळून एक कॅन दोन दिवस जायचा. आंघोळ आणि कपडे गावातल्या लाँड्रीत, तिथे शॉवर असतात, तुम्हाला तर युनिव्हर्सिटीचं जिम आहे. बर्फ वितळवून पाणी करू असं सगळ्यांनाच सुरुवातीला वाटतं, पण तिथला बर्फ पिठासारखा हलका, बादलीभर वितळवला की तांब्या-दीड तांब्या पाणी. तळाला थोडं पाणी घालूनच बर्फ टाका, नाहीतर पातेलं करपतं आणि पाण्याला जळका वास लागतो. मोरीच्या खाली पाइप नसतो, बादली असते, ती रोज झोपायच्या आधी बघायची सवय लावून घ्या, भरून वाहिली की जमिनीवर बर्फच होतो.

संडासला सीट म्हणून भिंतीत घालतात तो निळा फोमचा जाड बोर्ड कापून वापरतात सगळे. खरंच सांगतो, उणे ४० ला पण त्यावर बसल्यावर गार लागत नाही, कारण त्यात उष्णता ओढून घ्यायला काही नाहीच.

आणि गॅस! प्रोपेन उणे ४२ ला द्रवच राहतो, त्याच्या अलीकडेच दाब इतका पडतो की शेगडी फुरफुरते आणि विझते. म्हणून ऐन थंडीत स्वयंपाक लाकडाच्या स्टोव्हवरच येईल असं धरून चाला. टेकडीवर आहात ते बरंय, थंड हवा खोऱ्यात बसते, गावात उणे ४० असताना तुमच्याकडे उणे २५ असू शकेल.

युकॉनकर

वरचं सगळं पटलं, फक्त धुराड्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितोय. रात्रभर टिकावं म्हणून लोक लाकूड ठासून भरतात आणि हवा बंद करून झोपतात. आग धुमसत राहते, धूर वर जाताना गार होतो आणि धुराड्यात आतून डांबरासारखा काळा थर बसतो, क्रिओसोट म्हणतात त्याला. तो एक दिवस पेटतो. आमच्याकडे जानेवारीत पहाटे तीनला पेटला होता, आधी वाटलं बाहेर हेलिकॉप्टर आलं की काय इतका घरघराट, बघतो तर पाइप लालबुंद. स्टोव्हची हवा पूर्ण बंद केली, दोघं जॅकेट घालून बाहेर उभे राहिलो, नशीब की छत पेटलं नाही. शेजारी चार किमीवर, फायर ब्रिगेड वगैरे विसराच.

तेव्हापासून महिन्यातून एकदा ब्रश घालून धुराडं साफ करतो, थंडी असो की काही असो. रोज सकाळी पंधरा-वीस मिनिटं हवा पूर्ण उघडून आग जोरात पेटू द्यायची. बॅटरीवर चालणारे कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म दोन लावा, एक खाली आणि एक माळ्यावर जिथे झोपता तिथे. राख पत्र्याच्या डब्यात, झाकण लावून, आणि डबा लाकडी ओट्यावर नाही, बाहेर बर्फात. निखारा चार दिवस पण जिवंत राहतो.

आणि पेट्रोल भरताना हातमोजे काढू नका. उणे ४० चं पेट्रोल हातावर सांडलं तर कातडी तिथल्या तिथे गोठते.

चादर_पलीकडे

मी अलास्का पाहिलेलं नाही पण एक हिवाळा लडाखमधल्या झंस्कारला पदुमजवळच्या गावात शिकवायला होतो, पुण्याचा आहे. थंडी उणे २५-३० पर्यंत जायची आणि रस्ता बंद झाला की बंद. तिथला मोठा फरक म्हणजे ऊन. लडाख ३४ अक्षांशावर, हिवाळ्यात पण स्वच्छ ऊन पडतं, त्यामुळे लेहजवळच्या फे गावात सेकमॉल या शिक्षणसंस्थेच्या कॅम्पसमध्ये दक्षिणेकडच्या काचा आणि मातीच्या जाड भिंती यांच्या जोरावर बिना-शेगडीची खोली बाहेर उणे असताना पण बसण्याजोगी राहते. तुमच्याकडे ऊनच नाही त्यामुळे ते जमणार नाही, पण एक गोष्ट जमेल. तिथली माणसं हिवाळ्यात अख्खं घर गरम करत नाहीत, सगळं कुटुंब एका स्वयंपाकघरात येऊन राहतं, बुखारीच्या, म्हणजे लोखंडी शेगडीच्या भोवती. गप्पा तिथे, अभ्यास तिथे, झोप तिथे. तुमची एकच खोली आहे ही अडचण समजू नका.

दुसरं म्हणजे तिथला कोरडा संडास. वरच्या मजल्याच्या जमिनीला भोक, बाजूला माती आणि राखेचा ढीग, दरवेळी एक फावडं टाकायचं, वास शून्य आणि उन्हाळ्यात तेच शेतात जातं. तुमच्याकडे स्टोव्हची राख रोज निघणारच आहे. फक्त पूर्ण गार झालेलीच टाका.

पूर्वा_सांगली

किती छान लिहिलंत सगळ्यांनी, नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. मालकांना विचारलं, चार कॉर्ड फोडलेलं आहे, मीटर ऑर्डर केलंय, बाकीचं मोजूनच घेऊ. आता दोनच शंका. एक, खाण्याचं काय करता, भाज्या, दही वगैरे? आणि दुसरी जरा आतली आहे, अंधाराची भीती वाटते. गावात असताना पण डिसेंबरमध्ये मला काही सुचायचं नाही, तिथे तर शेजार पण नाही.

निशिगंध

पूर्वा, तू लहान असशील म्हणून एकेरीत बोलतेय. मी तीन हिवाळे तिथे असेच काढलेत, बाई म्हणून एक-दोन गोष्टी सांगते.

खोलीत जमिनीपाशी १० डिग्री आणि माळ्यावर २७ असं असतं हे लक्षात ठेवलंस की अर्धा स्वयंपाक सोपा होतो. बटाटे-कांदे जमिनीवर, पण भिंतीपासून वीतभर लांब, भिंतीला टेकले की गोठतात आणि मग वितळल्यावर नुसता चिखल. दही माळ्यावर, धुराड्यापासून हातभर अंतरावर टॉवेलात गुंडाळून, सकाळी कवडी पडलेली मिळते. इडलीचं पीठ पण तिथेच. मटार, मेथी, किसलेलं खोबरं सगळं बाहेर झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत, फ्रीजरची गरजच नाही. तूरडाळ कुकरमध्ये स्टोव्हवर लावायची, शिट्टी यायला वेळ लागतो पण येते. आणि भाकरी! तवा स्टोव्हवर ठेवायचा, एक बाजू भाजली की दार उघडून निखारे पुढे ओढायचे आणि त्यांच्यासमोर जाळी उभी करून भाकरी टेकवायची. अशी टम्म फुगते, माझ्या आजीच्या चुलीवरची आठवली मला. ज्वारीचं पीठ दहा किलो तरी आणून ठेव.

अंधाराचं खरं सांगते, मला पहिल्या डिसेंबरमध्ये दोन आठवडे नुसतं रडू यायचं. मग मी एक नियम केला, साडेअकरा ते दोन जो काही उजेड असेल त्यात घराबाहेरच राहायचं, काहीही झालं तरी. लाकूड फोडायचं काम तेव्हाच. आणि उणे ३० ला बर्च फोडणं इतकं सोपं असतं, एक घाव आणि टणकन दोन तुकडे, ऑगस्टमध्ये त्याच ओंडक्याला चार घाव लागतात. हाताला काम असलं की मन थाऱ्यावर राहतं. सकाळी उठल्या उठल्या अर्धा तास उजेडाचा दिवा (दिवसासारखा प्रखर उजेड देणारा) लावायचे, त्यासाठी बॅटरी राखून ठेवायची, आणि डॉक्टरांना विचारून व्हिटॅमिन डी. नवरा घरी असणार तर त्याला पण तू युनिव्हर्सिटीला गेलीस की बाहेर काढ, तो चार भिंतीत जास्त अडकेल.

रात्री बाहेर पडताना हेडलॅम्प बाहेर अडकवू नकोस, कोटाच्या आत ठेव, थंडीत बॅटरी दोन मिनिटांत मान टाकते. पायवाटेवर मूस (घोड्याएवढं मोठं हरीण) उभा असेल तर तोच आधी जाणार, तू मागे फिर, खोल बर्फात त्याला पण चालायला नको असतं म्हणून तो तुझ्याच वाटेवर येतो.

आणि एखाद्या रात्री परसाकडून परत येताना दिवा बंद करून उभी राहा. मला एकदा वर पूर्ण हिरवं आकाश हलताना दिसलं होतं आणि आवाज काहीच नाही, फक्त स्वतःच्या श्वासाचा. पापण्यांना बर्फ धरेपर्यंत उभी होते मी. आईला त्याचा फोटो पाठव.

दह्याचं विरजण मात्र घरून घेऊन जा गं, आणि थोडं वाळवून पण ठेव, एखादं गोठून बिघडलं तर ५० किमी लांब कुणाकडे मागणार.