तातडीने मदत हवी: गिनीपिगची घरघर थांबत नाहीये

भिंगरी (शुक्रवार, रात्री ९.४०)
घाईत लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. आमचा गुंड्या परवापासून शिंकतोय. आज नाक वाहायला लागलं आणि श्वास घेताना घरघर ऐकू येतेय. औषध चालू केलंय, फरक शून्य. आमच्या कुत्रीला बघणाऱ्या डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, "उंदरांचं मी बघत नाही." लेक रडून रडून आत्ता कुठे झोपलीय. घरच्या घरी काय करता येईल ते सांगा. कृपया "डॉक्टरकडे न्या" एवढंच लिहू नका, तेवढं मलाही कळतं.

खडीसाखर (९.४८)
वय किती? वजन किती? खातोय का? लेंड्या नेहमीसारख्या आहेत का? पिंजऱ्यात खाली काय घातलंय? आणि मुख्य म्हणजे औषध कुठलं, कोणी दिलं?
माझ्याकडे नऊ वर्षांत पाच गिनीपिग झाले, त्यातले दोन श्वासाच्याच दुखण्याने गेले, म्हणून इतकं विचारतेय.

सदू_मुंबैकर (९.५५)
सकाळी सरळ परळच्या बाई साकरबाईत न्या. जनावरांचं जुनं हॉस्पिटल आहे, व्हेटर्नरी कॉलेज तिथेच. माझ्या पोपटाला तिथेच वाचवलं होतं. पोपटाची गंमत सांगतो, त्याला आमच्या शेजारच्या काकूंचा आवाज हुबेहूब

सदू_मुंबैकर (९.५६)
अर्धंच गेलं. असो, काकूंचं नंतर.

भिंगरी (१०.०२)
मी पुण्यात आहे, सिंहगड रोडला. लिहायचं राहिलं.
वय दोन वर्षं असेल. वजन कधी केलं नाही. काल थोडी कोथिंबीर खाल्ली, आज काकडीला तोंड लावलं नाही. खाली भुसा आहे, सगळेच घालतात तो.

अण्णा_ओक (१०.१०)
(संपादित: खाली सांगितलेलं सिरप गिनीपिगला देऊ नका, पुढचे प्रतिसाद वाचा.) भिंगरीताई, घाबरू नका. जानेवारीची थंडी आहे, सर्दी होणारच. आमच्या मोत्याला असंच झालं होतं. मुलांचं अमॉक्सिसिलिनचं सिरप पाच दिवस दिलं, टुणटुणीत झाला. डॉक्टर तेच लिहून देऊन हजार रुपये घेतात.

खडीसाखर (१०.१२)
अण्णा, थांबा! हे वाचून कोणी करू नका!!
गिनीपिगला तोंडावाटे अमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन, पेनिसिलिन यातलं काहीही देत नाहीत. त्याचं पोट गवत आंबवणाऱ्या जिवाणूंवर चालतं. ही औषधं त्यातले कामाचे जिवाणू मारतात, मोकळ्या जागेत क्लॉस्ट्रिडियम नावाचा घातक जंतू माजतो आणि त्याच्या विषाने जुलाब होऊन जीव जातो. कुत्र्याचं पोट वेगळं, याचं वेगळं.
भिंगरी, तुम्ही औषध कुठलं दिलंय?? दोनदा विचारतेय.

अण्णा_ओक (१०.१९)
सशाला पेनिसिलिन देतात हे मी स्वतः पाहिलंय. उगाच भीती घालू नये.

कंपाउंडर_निवृत्त (१०.२६)
अण्णा, सशाला देतात ते इंजेक्शनने, तेही बघून सवरून. तोंडाने नाही. आणि हा ससा नाही. ३१ वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काढली आहेत, बहुतेक गाईम्हशीच बघितल्या, पण एवढं ठाऊक आहे.

भिंगरी (१०.३१)
हातपाय गार पडले. मी तेच दिलंय. मुलाच्या घशासाठी आणलेलं गुलाबी सिरप उरलं होतं. काल रात्री दोन थेंब आणि आज सकाळी दोन. बाटली बघितली, अमॉक्सिसिलिनच आहे. आता काय करू?

खडीसाखर (१०.३८)
आधी पाणी प्या. चार थेंब झालेत, सगळं संपलं असं नाही. पण पुढचा थेंब नको आणि बाटली कपाटात वर ठेवा. त्रास लगेच दिसतो असं नाही, दोन-चार दिवसांनीही सुरू होतो, म्हणून लेंड्यांवर डोळा ठेवा. पातळ झाल्या तर रात्र असो की पहाट, धावा. आणि डॉक्टरांना हे सिरप सांगायला लाजू नका. लोक नेमकं हेच लपवतात.

आता आजची रात्र.
स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा, डब्यात बसवून वजन करा, लिहून ठेवा.
पोटाची हालचाल बघून १५ सेकंद श्वास मोजा, चारने गुणा. शांत बसलेला असताना १०० च्या वर जात असेल, पोट भात्यासारखं आत-बाहेर होत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर सकाळची वाट बघू नका. हे प्राणी नाकानेच श्वास घेतात. नाक चोंदलं की आपल्यासारखं तोंड उघडून भागत नाही. ओल्या कोमट कापसाने नाकपुड्या पुसत राहा.
आणि खायला घाला. सर्दीपेक्षा उपास त्याला लवकर मारतो. बारा तास पोटात काही गेलं नाही की आतडं थंडावतं. पेलेट्स (त्याच्या तयार खाद्याच्या गोळ्या) कोमट पाण्यात भिजवून पेज करा, बिनसुईच्या सिरिंजने तोंडाच्या कडेने, पुढच्या दातांच्या मागे, अर्धा मिली, थांबा, चावू द्या, पुन्हा अर्धा. समोरून पिचकारी मारलीत तर थेट फुप्फुसात जाईल.

मीनाक्षी_क (१०.४४)
आमच्याकडे लहान मुलांना ओव्याची धुरी देतो. निखाऱ्यावर ओवा आणि चिमूटभर हळद, पिंजऱ्याभोवती चादर. दहा मिनिटांत छाती मोकळी. विक्सही चालेल छातीला.

कंपाउंडर_निवृत्त (१०.४७)
अहो ताई, त्याला श्वास घेता येत नाहीये आणि तुम्ही चादरीत धूर कोंडता? विक्स तर नकोच, तो चाटून खाईल. भिंगरी, घरात उदबत्ती, धूप, डासांची कॉइल जे काही लावता ते त्या खोलीत बंद.

मीनाक्षी_क (१०.५०)
आमच्या आजीने नऊ मुलं याच धुरीवर वाढवली. असो. वाद घालायचा नाही.

भिंगरी (११.१५)
वजन ७७० ग्रॅम. श्वास पहिल्यांदा ९६, मग ८८. ओठ गुलाबी आहेत. तीन-चार मिली पेज गेली, अर्धी माझ्या ओढणीवर. देवघर त्याच खोलीत आहे, सासूबाई रोज धूप लावतात. त्यांना कसं सांगू ते मी बघते. डोळ्यातून पांढरं दुधासारखं येतं तेही संसर्गाचं का?

खडीसाखर (११.२१)
दोन्ही डोळ्यांतून पातळ पांढरं, आणि लगेच पंजाने तोंड पुसत असेल तर ते त्याचं तोंड धुणं. चिकट, पिवळट, पापण्या चिकटलेल्या असतील तर संसर्ग. भुसा कधीपासून बदललाय? कसला आहे?

भिंगरी (११.३०)
बदललाय हे कसं ओळखलंत? आधी दुकानातली पिशवी आणायचे. महाग पडते म्हणून महिन्याभरापूर्वी कोपऱ्यावरच्या सुताराकडून पोतं आणलं. बारीक आहे, छान शोषून घेतो.

गोठ्यातला (११.३४)
तो बारीक म्हणजे करवतीचं पीठ, त्याचाच ठसका. त्यात चीड-देवदार असेल तर त्या वासाचाही त्रास. वर लघवीचा अमोनिया. वाकून नाक पिंजऱ्याला लावा, तुमचे डोळे चुरचुरले तर तो त्यात चोवीस तास राहतो. आज रात्रीच सगळं काढून जुन्या सुती चादरी अंथरा.

समुद्रफेस (११.५२)
अवांतर: गिनीपिगचा गिनी देशाशीही संबंध नाही आणि डुकराशीही. हे मूळचे अँडीज पर्वतातले, पेरू, बोलिव्हिया वगैरे. तिकडे अजूनही खातात. पेरूतल्या कुस्को शहराच्या कॅथेड्रलमध्ये मार्कोस सापाता या चित्रकाराने १८ व्या शतकात काढलेलं लास्ट सपरचं (येशूच्या शेवटच्या भोजनाचं) चित्र आहे, त्यात मधल्या ताटात भाजलेला गिनीपिग आहे. काही जण तो गिनीपिग नसून 'विस्काचा' नावाचा सशासारखा दिसणारा प्राणी आहे म्हणतात.

भिंगरी (११.५५)
आत्ता ही माहिती हवीच होती.

खडीसाखर (शनिवार, सकाळी ६.५०)
पेरूवरून आठवलं, फळ म्हणतेय. गिनीपिगला आपल्यासारखंच शरीरात क जीवनसत्त्व बनवता येत नाही. आजारपणात रोज ३० ते ५० मिलिग्रॅम लागतं. ढोबळी मिरची, कोथिंबीर द्या. पेरूची फोड छोटीच, साखर असते. पाण्याच्या बाटलीत थेंब टाकू नका, लवकर निकामी होतं आणि चवीमुळे पाणीही पीत नाही. रात्र कशी गेली?

भिंगरी (दुपारी २.१०)
सकाळी औंधच्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात चौकशी केली, तिथल्या एका बाईंनी पक्षी-ससे बघणाऱ्या डॉक्टरांचा पत्ता दिला. एक्स-रे काढला, डाव्या फुप्फुसात न्यूमोनिया आहे. सिरपचं सांगितलं. रागावले नाहीत, फक्त "किती थेंब?" विचारून लिहून घेतलं. एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक तोंडाने, त्यानंतर दोन तासांनी प्रोबायोटिक (पोटातले कामाचे जिवाणू), आणि मुलाच्याच नेब्युलायझरमधून नुसतं सलाईन दिवसातून दोनदा. पेज चालू ठेवायला सांगितली.
त्यांनी विचारलं घरात अजून कुठले प्राणी. म्हटलं चिंगी (याची जोडीदारीण), कुत्री, आणि भाचीचा ससा दिवाळीपासून आमच्याकडे आहे, शेजारच्याच पिंजऱ्यात.

खडीसाखर (२.१६)
ससा!!! हे आत्ता सांगताय?

भिंगरी (२.१८)
मला काय माहीत. तो ठणठणीत आहे.

कंपाउंडर_निवृत्त (२.३०)
तीच तर मेख आहे. बॉर्डेटेला नावाचा जंतू ससा आणि कुत्रा काही न होता अंगावर बाळगतात. गिनीपिगला मात्र त्यानेच न्यूमोनिया होतो. भुशाने आधी नाक चिडलं असेल, मग हा आत शिरला असेल. असा माझा अंदाज, डॉक्टरांना विचारा. ससा दुसऱ्या खोलीत हलवा, आधी गुंड्याचं करा मग सशाचं, हात धुवून.

अण्णा_ओक (२.५५)
मोत्याचं उदाहरण मी चांगल्या हेतूने दिलं होतं.

खडीसाखर (३.०१)
हेतूबद्दल कोणी बोललं नाही अण्णा. तो प्रतिसाद संपादित करून वर सूचना टाका, एवढंच. कोणी उद्या शोधत येईल आणि पहिलं तेच वाचेल.

अण्णा_ओक (३.४०)
टाकली.

भिंगरी (बुधवार, रात्री ८.२०)
रविवारी ७५८ झाला होता, तेव्हा धीर सुटला. सोमवारी ७६१, आज ७६९. लेंड्या छोट्या आहेत पण घट्ट. घरघर फक्त झोपेत. आज कोथिंबिरीची पिशवी वाजल्याबरोबर शीळ घातली, पाच दिवसांनी पहिल्यांदा. लेकीने ती फोनवर रेकॉर्ड करून शाळेच्या ग्रुपवर पाठवली. सासूबाई धूप गॅलरीत लावतात आणि दिवसातून चार वेळा विचारतात, "तुझ्या उंदराने खाल्लं का?"
औषध अजून नऊ दिवस आहे. एकच प्रश्न राहिला: परदेशी टिमोथी गवत परवडत नाही. पर्याय काय?

मीनाक्षी_क (८.३१)
गॅलरीत धूप लावला की वास घरभर येत नाही हो, प्रसन्न वाटत नाही.

गोठ्यातला (८.३५)
हरळी. कीटकनाशक न मारलेली, धुऊन सावलीत सुकवलेली. लसूणघास (गुरांचा हिरवा चारा) रोज नको, मोठ्या गिनीपिगला त्यातलं कॅल्शियम जड जातं, मूतखडे होतात. माझ्या बांधावर हरळी रग्गड आहे. रविवारी भाजी घेऊन स्वारगेटला येतो, हवी तर आणतो. पैसे नकोत.

भिंगरी (८.३७)
येते. किती वाजता? आणि गोणी आणू की पिशवी पुरेल?