मदत हवी आहे: ट्रॅक्टरच्या किंगपिनच्या ग्रीस निप्पलचे आटे गेलेत, मोठा टॅप मारून नवे आटे पाडावेत का?

नमस्कार मंडळी,

ट्रॅक्टरच्या पुढच्या डाव्या चाकाला, किंगपिनच्या (ज्या उभ्या पिनवर चाक वळतं तिच्या) वरच्या बुशाला ग्रीस मारत होतो. गनचा दांडा एकदम जड झाला आणि निप्पल कपलरसकट (गनच्या तोंडासकट) उडून बाहेर आला. निप्पलच्या आट्यांत बिडाचा चुरा अडकलाय, म्हणजे एक्सलच्या भोकातलेच आटे सोलून निघालेत. नवा निप्पल आणून लावून पाहिला. बोटाने आत जातो, पण पान्याने आवळायला गेलं की नुसता गोल फिरतो.

ट्रॅक्टर जुना, ३५ एचपीचा. गेल्या हंगामाआधी तालुक्यातल्या एका गॅरेजमध्ये दोन्ही बाजूंचे बुश बदलून घेतले होते. तेव्हापासून उजवी बाजू ग्रीस सहज घेते, वरच्या कडेने जुनं काळं ग्रीस बाहेर येताना दिसतं. डाव्या बाजूने मात्र कधीच काही बाहेर आलं नाही. गॅरेजवाल्यांना विचारलं तर म्हणाले, गन जड लागते म्हणजे आत ग्रीस पूर्ण भरलंय, काळजी करू नका.

कारखाने सुरू झालेत, उसाच्या खेपा चालू आहेत. तरीही भरलेल्या ट्रॉल्या मागे लावून पुढचं चाक कोरड्या बुशावर वळवायचं माझ्या मनाला पटत नाही, म्हणून ट्रॅक्टर उभा ठेवलाय.

मापं अशी: निप्पल व्हर्निअरने बाहेरून ८ मिमीला जरासा कमी भरतो. साधा ८ चा बोल्ट शेजारी धरला तर आटे जुळत नाहीत, निप्पलचे बारीक आहेत. भोकात तार घालून पाहिली तर बुशापर्यंत बिडाची जाडी साधारण १२ मिमी आहे.

गावात एक जण एम-सील भरून निप्पल बसवा म्हणतो, दुसरा सरळ वेल्ड मारून टाका म्हणतो. एक्सल मला जन्मभर वापरायचाय, त्यामुळे काहीतरी करून वेळ मारून न्यायची नाही. १० चा टॅप मारला तर बीड कमकुवत होईल का? आणि टॅप मारताना निघणारा चुरा बुशात गेला तर काय?

प्रतिसाद (कराड, लेथचं काम):

एम-सील विसरा. हाताच्या ग्रीस गनचं प्रेशर काहीशे बारपर्यंत जातं. ३०० बार धरा. ८ मिमीच्या भोकाचं क्षेत्रफळ अर्धा चौरस सेंटीमीटर, म्हणजे त्या एवढ्याशा निप्पलला मागून दीडशे किलोचा रेटा बसतो. आटे नसलेल्या, ग्रीसने माखलेल्या भोकात एम-सील तेवढा रेटा धरणार नाही.

वेल्डिंगही नको. बीड तापून अचानक गार झालं की वेल्डच्या शेजारीच चीर जाते. निप्पलच्या आतली गोळी आणि स्प्रिंगही जळते. पुढे निप्पल बदलायची वेळ आली तर काय करणार?

पण टॅपचं नंतर बोलू. आटे गेले हा परिणाम आहे. ग्रीसला वाट असती तर दांडा जड झाला नसता आणि आट्यांवर एवढा ताण आलाच नसता. भोक डिझेलने धुऊन, फडक्याने पुसून आत टॉर्च मारा आणि तळाशी काय दिसतं ते सांगा. एक विनंती, आत्ता त्या भोकाशी किंवा गनच्या तोंडाशी बोट लावून कुणी गन दाबू नका. प्रेशरचं ग्रीस कातडीतून आत शिरतं. जखम टाचणीएवढी दिसते, पण काही तासांत हात सुजतो. असं झालंच तर घरी न थांबता सरळ हॉस्पिटल गाठायचं.

धागाकर्ता:

दादा, धुऊन बघितलं. भोकाच्या तळाला पिवळा धातू चमकतोय. एका कडेला नखाच्या कोरीएवढा काळा भाग दिसतो, तिथे तार जरा आत जाते. बाकी सगळं बंद.

प्रतिसाद (कराड, लेथचं काम):

मग दुखणं सापडलं. पिवळं दिसतंय तो तुमचा गनमेटलचा बुश. बुशाला ग्रीससाठी एक भोक असतं आणि ते एक्सलच्या भोकासमोर आणूनच बुश ठोकायचा असतो. तुमचा बुश बसवताना फिरलाय. नखाची कोर दिसते तेवढीच वाट राहिली होती, तीही जुन्या ग्रीसने बुजली. म्हणजे वर्षभर त्या बुशाला ग्रीस मिळालेलंच नाही. नुसते आटे करून नवा निप्पल बसवलात तर तोही असाच उडेल.

आता कामाकडे या. दोन्ही मागच्या चाकांना दगड लावा. पुढचा एक्सल जॅकवर उचलून खाली लाकडी ओंडके द्या, नुसत्या जॅकवर काम करू नका. चाक काढा. स्टीअरिंगचा आर्म काढण्याआधी आर्म आणि पिन दोन्हींवर छिन्नीने एक खूण करा, नाहीतर बसवताना चाकं वाकडी धावतील. मग स्टब एक्सल (चाक ज्यावर बसतं तो आखूड एक्सल) पिनसकट खाली ओढून काढा. खालचा थ्रस्ट बेअरिंग हातातून निसटू देऊ नका, त्याची कुठली बाजू वर होती तेही बघून ठेवा. पिन बाहेर आल्यावर चुऱ्याची चिंता आपोआप मिटते, सगळं धुऊन काढता येतं.

तुमचा निप्पल बहुतेक एम ८ गुणिले १ चा आहे. साध्या बोल्टला १.२५ चा पिच (दोन आट्यांमधलं अंतर, मिमीत) असतो, म्हणून जुळला नाही. जुन्या इंची ट्रॅक्टरवर अडीच सुताचे (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), इंचाला २४ आट्यांचे निप्पलही येतात, ते मापाला जवळजवळ सारखेच. पण आता भोक मोठंच करायचंय, तेव्हा तो प्रश्न राहिला नाही.

एम १० गुणिले १ घ्या. त्याला ९ मिमीचा ड्रिल लागतो. दुकानात नुसता १० चा टॅप मागितला तर १.५ पिचचा हातात देतील, तो ह्या निप्पलला चालत नाही. ड्रिलला १० मिमीवर चिकटपट्टीची खूण करा म्हणजे ९ चं भोक बुशात घुसणार नाही. १२ मिमी जाडीत १० मिमी खोल पुरे. बॉस (भोकाभोवतीचा बिडाचा फुगवटा) जाड असेल तर भोक दोन मिमीने वाढल्याने बिडाला काही होत नाही. आधी टेपर (निमुळत्या टोकाचा) टॅप, मग बॉटमिंग (तळापर्यंत आटे पाडणारा). अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. टॅप भोकाला सरळ आहे ना हे गुण्याने दोन बाजूंनी बघा. निप्पलचे आटे किंचित निमुळते असतात, म्हणून टॅप फार सैल फिरवू नका. निप्पल शेवटचे दोन-तीन आटे घट्ट होत गेला पाहिजे.

आटे झाले की त्याच भोकातून ५ चा ड्रिल घालून बुशाला नवं भोक पाडा. आतून बोट फिरवून बघा, भोकाची कड बोटाला लागेल. ती धार गोल कानशीने किंवा पॉलिश पेपरने पूर्ण मारा, कारण तीच पुढे पिनला ओरखडे पाडते. बुशाच्या आत ग्रीसचा चर असतो. नवं भोक चरात उघडलं तर उत्तम. नसेल उघडलं तर कानशीने भोकापासून चरापर्यंत छोटी वाट करा.

प्रतिसाद (बारामती):

वरच्या दादांशी सहमत, फक्त एक पर्याय सांगतो. आमच्याकडे एम १० चा बारीक पिचचा टॅप सहज मिळत नाही, पण एक सूत बीएसपीचा (पाइपाच्या आट्यांचा) टॅप नळफिटिंगवाल्याकडेही सापडतो आणि त्याचे ग्रीस निप्पल हार्डवेअरमध्ये मिळतात. नाव एक सूत असलं तरी तो बाहेरून ९.७ मिमी भरतो आणि इंचाला २८ आटे. ड्रिल ८.८ चा. ह्या भोकात एम १० चा निप्पल कधी घालू नका. दोन-तीन आटे धरतो, आणि जोर लावला की पुन्हा हेच.

प्रतिसाद (लातूर):

हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची आटेवाली गुंडाळी) टाकून मूळ ८ चाच निप्पल ठेवता येईल ना? भोक फार मोठं होणार नाही.

प्रतिसाद (कराड, लेथचं काम):

येईल. पण बारीक पिचचा किट महाग, आणि त्याचा खास टॅप पुन्हा कधी लागणार? इंजिनच्या ॲल्युमिनियम हेडला हेलिकॉइल जरूर वापरा. जिथे बीड भरपूर आहे आणि मोठा निप्पल बाजारात मिळतो, तिथे मोठाच बसवावा. भिंत पातळ असेल, भोकाच्या कडेला ६-७ मिमीसुद्धा उरत नसेल, तर मात्र तुमचं बरोबर.

धागाकर्ता:

सर्वांचे मनापासून आभार. काम झालं, जे दिसलं ते लिहितो.

पिन बाहेर काढली तर तिच्या एका बाजूला, बरोबर वजन येतं तिथे, निळसर झाक असलेला पट्टा होता आणि आडवे ओरखडे. बाकी पिन चकचकीत कोरडी. बुश मात्र अजून डगमगत नव्हता, म्हणून बदलला नाही. पिनवरचे ओरखडे बारीक पॉलिश पेपरने साफ करून घेतले. एम १० चा टॅप शेवटी कोल्हापुरात मिळाला. बीड कापताना टॅपवर काळी पूड येते, तुकडे नाहीत, हे मला माहीत नव्हतं. दर थोड्या फेऱ्यांनी टॅप बाहेर काढून पुसत गेलो.

बुशाचं नवं भोक चराच्या बाजूला पडलं, कानशीने वाट जोडली. सगळं डिझेलने धुतलं, कपड्याने कोरडं केलं, एपी-३ ग्रीस हाताने चोपडून पिन वर घातली. निप्पल लावण्याआधी भोकातून गनने थोडं ग्रीस पुढे ढकललं आणि मगच आवळला. एक्सल जॅकवर असतानाच एक जण गन मारत होता आणि मी स्टब एक्सल दोन्हीकडे वळवत होतो. आधी डिझेल मिसळलेलं पातळ, मग स्वच्छ ग्रीस वरच्या कडेने सगळीकडून सारखं बाहेर आलं. गनचा दांडा आता उजव्या बाजूइतकाच हलका चालतो. स्टीअरिंगमध्ये फरक पहिल्या खेपेलाच कळला.

ज्यांनी बुश नवे बसवून घेतलेत त्यांनी गॅरेजमधून निघण्याआधीच गन मागून घ्या आणि ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत मारायला लावा. आमच्या शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरलाही एका बाजूने ग्रीस येत नाही, ते उद्या निप्पल काढून टॉर्च मारणार आहेत. त्यांचा बॉस माझ्यापेक्षा पातळ दिसतो. भिंत ८ मिमी भरली तर एम १० चालेल का, की तिथे हेलिकॉइलच करायला सांगू?