मदत हवी आहे : लंडन ते पॅरिस सायकल राइड

नमस्कार मंडळी. पुढच्या उन्हाळ्यात कर्करुग्णांच्या मदतीसाठी लंडन ते पॅरिस सायकल चालवायची ठरवलंय. साधारण ४८० किमी, चार दिवस, मध्ये डोव्हर ते कॅले बोट. बाबा कर्करोगाने गेले, त्यामुळे ही राइड मला मनापासून पूर्ण करायची आहे.

सराव चालू आहे. रोज पहाटे गंगापूर धरणापर्यंत, रविवारी त्र्यंबकेश्वर, कधी कसारा घाट. आपल्या नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही लांब पल्ल्याची सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून हे वेड डोक्यात आहे.

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. ब्रिटनचा आणि फ्रान्ससाठी शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक) असे दोन व्हिसा लागतात. आधी कोणता काढावा? सायकल विमानातून नेलेल्या कोणी सांगाल का, खोका नाशिकमध्ये मिळतो की मुंबईहून आणावा लागतो? मागचा डिरेल्युर (गिअर बदलणारा भाग) वाकेल याचीच जास्त धास्ती वाटते.

आणि निधी. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर ८०जीची (प्राप्तिकरातली) सवलत नाही म्हटल्यावर लोक मागे सरतात. त्यांना कसं समजावलंत? की निम्मा निधी इथल्याच एखाद्या संस्थेसाठी गोळा करू?

अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.