दवाखान्यातल्या वेटिंग रूममध्ये टीव्हीचा आवाज हवा की नुसतं चित्र?

(ही एक चर्चा आहे. प्रत्येक मताच्या वर बोलणाऱ्याचं टोपणनाव दिलंय : केसपेपर, आरोग्यशिक्षण, ध्वनिमापक, नटबोल्ट.)

केसपेपर

आरोग्याची माहिती देण्यासाठी वेटिंग रूममध्ये टीव्ही लावायचं प्रमाण बरंच वाढलंय. ४३ इंची पडदा, पेनड्राइव्हवर पाच-सहा मिनिटांचा व्हिडिओ, आणि दिवसभर तोच चालू. माझं मत असं की चित्र राहू द्या, आवाज मात्र पूर्ण बंद करा. त्या खोलीत कानाला एकच काम असावं, आपला नंबर ऐकणं.

सहा मिनिटांचा व्हिडिओ आठ तासांच्या ओपीडीत ८० वेळा वाजतो. पेशंट तो पाच-सात वेळा ऐकून घरी जातो. काउंटरवरची मुलगी ८० वेळा ऐकते, आणि त्याच आवाजावर आवाज चढवून तिला विचारावं लागतं, "काका, शुगरची गोळी चालू आहे का? लघवीचा त्रास कधीपासून?" मागच्या तीन रांगांना सगळं कळतं. आपला आवाज आपल्यालाच ऐकू येईना की माणूस नकळत मोठ्यानं बोलतो. फ्रेंच कानाचे डॉक्टर लोंबार यांनी १९११ सालीच हे दाखवून दिलंय.

नंबर पुकारताना आणखी गोंधळ. मराठीत 'सत्तावन्न' आणि 'सत्तावीस', 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' यांची सुरुवात सारखी, फरक शेपटाशी. गोंगाटात नेमकं शेपूट बुडतं. मग दोघं उठतात आणि दारात वाद होतो. नंबर सांगून लगेच सुटे आकडे म्हणावेत : "सत्तावन्न. पाच, सात." शेजारी टोकनचा लाल आकड्यांचा फलक असला तर उत्तमच.

आरोग्यशिक्षण

असहमत. आवाज बंद केलेला पडदा हा ज्याला वाचता येतं त्याच्याच कामाचा. तालुक्याच्या ओपीडीत बाकावर कोण बसलेलं असतं ते बघा. मोतीबिंदू पिकलेल्या आजी, चष्मा घरी विसरलेले आजोबा, अक्षरओळख नसलेली मजूर बाई. कुत्रं चावल्यावर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची, हळद-चुना-तिखट भरायचं नाही, हे तिच्या कानावर पडलं तर जीव वाचेल. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या, हेही तसंच. नुसत्या चित्रात 'दोन आठवडे' कसे दाखवणार?

शिवाय टीव्ही गप्प केला की खोली शांत होते, हा समज चुकीचा. प्रत्येकाच्या मोबाइलवर वेगळी रील सुरू होते. त्यापेक्षा एकच आवाज बरा.

ध्वनिमापक

दोघंही टीव्हीवर बोलताय, पण गोंगाट करते ती खोली. हिशेब मांडतो.

खोली ६ बाय ५ मीटर, उंची ३. खाली व्हिट्रिफाइड टाइल, वर पीओपी, भिंतींना ऑइल पेंट, एका बाजूला काच. यातलं काहीच आवाज शोषत नाही. अशी खोली रिकामी असताना आवाज विरायला सव्वादोन सेकंदांच्या वर लागतात. २० माणसं बसली की कपडे आणि शरीरं थोडं शोषतात, तरी जवळजवळ एक सेकंद राहतो. तेवढ्यात बोलणाऱ्याची पुढची तीन-चार अक्षरं मागच्या अक्षरांवर चढलेली असतात. छत बदलून मिनरल फायबरच्या ६०० बाय ६०० मिमी टाइल लावल्या (शोषणगुणांक ०.७, म्हणजे पडलेल्या आवाजातला ७० टक्के गिळला जातो असं धरलं), तर भरलेल्या खोलीत हाच आकडा ०.४ सेकंदावर येतो.

आता बोलण्याचं. साधं बोलणं एक मीटरवर साधारण ६० डेसिबल. चार मीटरवर पोचेपर्यंत थेट आवाज ४८ उरतो. पंख्याचा आवाजच ५०. शब्द नीट कळायला बोलणं भोवतालच्या आवाजापेक्षा १५ डेसिबल वर हवं, आणि इथे ते दोननं खाली आहे. यात ६० डेसिबलचा टीव्ही घातला की काउंटरसमोर उभ्या माणसालाही धड ऐकू येत नाही. वयामुळे आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, म्हणजे स, ट, क, प ही व्यंजनंच. आरोग्यशिक्षण, ज्या आजींसाठी तुम्ही आवाज मागताय त्यांनाच तो सगळ्यात कमी कळतो.

छताबाबत एक सावधगिरी. साध्या मिनरल टाइल पावसाळ्यात ओल धरून मध्यभागी खाली झुकतात, मग बुरशी येते. दवाखान्यात भोकांच्या धातूच्या टाइल आणि मागे फ्लीस (आवाज शोषणारं मऊ कापड), असं घ्या, पुसता येतात. आणि शांततेसाठी खिडक्या कधीही बंद करू नका. क्षयाचे पेशंट बसतात तिथे हवा खेळती राहणं जास्त महत्त्वाचं, रस्त्याचा आवाज आला तरी चालेल.

आरोग्यशिक्षण

छताचा मुद्दा मान्य. पण पैसे असलेल्यांसाठी. भाड्याच्या गाळ्यातला डॉक्टर छत बदलणार नाही. आणि एक गोष्ट तुम्ही दोघांनीही सोडली. तपासणीच्या खोलीतलं बोलणं बाहेर ऐकू येतं. टीव्ही चालू असला की ते झाकलं जातं. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे, गुप्तरोगाच्या ओपीडीत हा आवाज पेशंटची अब्रू राखतो. तो बंद करा म्हणताना त्याचा विचार केलात का?

ध्वनिमापक

केला. टीव्हीचा आवाज या कामाला फार वाईट, कारण तो सलग नसतो. निवेदक श्वास घ्यायला थांबला की आतलं वाक्य स्वच्छ बाहेर येतं, आणि सगळे कान तिकडेच असतात. झाकायचंच असेल तर पंख्यासारखा सलग, चढउतार नसलेला आवाज हवा, तोही ४५ डेसिबलच्या आतबाहेर.

पण आधी गळती बघा. बहुतेक ठिकाणी तपासणीची खोली म्हणजे सात फुटी ॲल्युमिनियमचं पार्टिशन, वर तीन फूट मोकळं. आवाज त्यावरून सरळ उडी मारतो. ते छतापर्यंत न्या. जुन्या इमारतीत दारावर झरोका असतो, त्याला जाड काच बसवा. पोकळ फ्लश डोअरऐवजी ३५ मिमीचं भरीव दार, चौकटीला रबरी गास्केट, आणि खालच्या १० मिमी फटीला दार लावताच खाली उतरणारी पट्टी. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे दाराला लागून असलेल्या पहिल्या तीन खुर्च्या उचलून पलीकडच्या भिंतीला लावा. त्याला छदामही लागत नाही.

नटबोल्ट

चित्र ठेवायचं ठरलं तर ते नीट दिसू द्या. टीव्ही छताला टेकवून लावतात. बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून सव्वा मीटरवर असते, मान दुखते. पडद्याचा मध्य दीड-पावणेदोन मीटरवर ठेवा. पाच मीटरवरून वाचायला अक्षर किमान २५ मिमी उंच हवं. देवनागरीत वर मात्रा, खाली उकार, म्हणून एका ओळीला सहा-सात सेंटिमीटर जातात. ४३ इंची पडद्याची उंची ५३ सेंमी. समास सोडले तर पाच-सहा ओळी, बस्स. एक पान १२ ते १५ सेकंद.

सबटायटल वेगळ्या फाइलमध्ये देऊ नका. बऱ्याच टीव्हींच्या प्लेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते. ओळी व्हिडिओतच पक्क्या करून घ्या.

नुसतं म्यूट करून भागत नाही. लाइट जाऊन आली की टीव्ही कित्येकदा आवाजासकट होम स्क्रीनवर येतो. सेटिंगमध्ये हॉटेल मोड (सेटिंग कुलूपबंद करायची सोय) असेल तर सुरू होतानाचा आवाज, कमाल आवाज आणि सोर्स (चित्र कुठून घ्यायचं ते), तिन्ही बांधून टाका. नसेल तर हेडफोनच्या भोकात नुसती ३.५ मिमीची पिन खोचा. बहुतेक टीव्हींचा स्पीकर गप्प होतो.

केसपेपर

पडद्यावर काय असावं, तर आत गेल्यावर लगेच उपयोगी पडेल ते. "चालू गोळ्यांच्या पट्ट्या हातात काढून ठेवा." "आधीचे रिपोर्ट तारखेनं लावा." "मधुमेह असेल तर आत गेल्यावर तळपाय दाखवा."

आणि कोणी फुकट पडदा देऊ केला तर घेऊ नका. औषध कंपन्यांकडून भेटवस्तू घ्यायला डॉक्टरांना २००९ पासून बंदी आहे, आणि औषध कंपन्यांच्या २०२४ च्या विपणन संहितेत माहितीपर वस्तूंनाही १,००० रुपयांची मर्यादा आहे. टीव्ही त्यात बसत नाही. अमेरिकेत शिकागोच्या आउटकम हेल्थनं दवाखान्यांत पडदे लावून त्यावरच्या जाहिराती औषध कंपन्यांना विकल्या. न दाखवलेल्या जाहिरातींचेही पैसे उकळले, आणि संस्थापक ऋषी शाह यांना २०२४ मध्ये साडेसात वर्षांची शिक्षा झाली. जाहिरातीवर चालणाऱ्या पडद्याचा आवाज कमी करायचा अधिकारही डॉक्टरकडे उरेलच असं नाही.

आरोग्यशिक्षण

जाहिरातीबद्दल पूर्ण सहमत. अब्रू झाकण्याचा मुद्दाही मागे घेते. दाराआधी पार्टिशनच बघायला हवं. पण न वाचणाऱ्यांचं काय, याला उत्तर मिळालेलं नाही. तळपाय दाखवा हे चित्रात कळेल. लसीकरणाच्या दिवसाचं सांगा. डोस दिल्यावर बाळाला अर्धा तास थांबवतात. त्या अर्ध्या तासात आईला चार गोष्टी कळायला हव्यात : कोणती लस दिली आणि ती कशासाठी, ताप-सूज आली तर काय करायचं, पुढची तारीख कोणती, आणि कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी आणायचं. यातली एकही मुक्या पडद्यातून पोचत नाही. त्या दिवशी सहा मिनिटं आवाज हवाच.

केसपेपर

पुढची तारीख प्रत्येक बाळाची वेगळी असते, ती कुठलाच व्हिडिओ सांगणार नाही. ती सिस्टरनंच समोर बसून, कार्डावर बोट ठेवून सांगायची. तेव्हा टोकन पाच मिनिटं थांबवा, पडदा बंद करा, आठ-दहा आयांना एका कोपऱ्यात घ्या आणि शेवटी एकीला विचारा, "ताप आला तर काय करशील?" तिच्या उत्तरावरून कळेल, निरोप पोचला की नाही.

आरोग्यशिक्षण

सिस्टर एकटीच असेल, आणि बाहेर ४० बाळं असतील तर? तिथे मी आवाज लावीन. रिमोट मात्र तिच्याच खिशात राहील.